पहाटे ३ वाजता जाग येते तेव्हा

२५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा लहान मुलं झोपू देत नव्हती. आता घर शांत, तरी पहाटे ३ वाजता डोळे टक्क उघडे!

वय वाढलं की झोप हलकी होते आणि शरीराचं घड्याळ लवकर वाजायला लागतं. त्यात ९ वाजता अंथरूण धरलं, तर ३ वाजेपर्यंत ६ तास झालेच की! म्हणून साडेदहाला झोपा, उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा. दुपारची डुलकी अर्धा तास, बस्स. गोल्फ क्लब मैदानावर काळोखात फिरण्यापेक्षा संध्याकाळी उजेडात फिरा; त्या उजेडानं हे घड्याळ जरा उशिरा वाजतं.

जाग आलीच तर वेळ बघू नका. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून मंद दिव्यात बसा, मोबाईल नको. डोळे जड झाले की परत आडवं व्हा.

शेजाऱ्यांकडून झोपेची गोळी मात्र मागून घेऊ नका. तोल जाऊन पडायची भीती असते. आठवड्यात ३ रात्री, असं ३ महिने चाललं तर डॉक्टरांना दाखवा. मन उदास असेल तर तेवढंही थांबू नका; पहाटेची जाग हे नैराश्याचंही लक्षण असू शकतं.

आणि समोरच्या खिडकीत रोज पहाटे दिवा दिसला, तर सकाळी जिन्यात विचारा, "काका, झोप लागते ना?"