विटेवरचा थांबा



कळंबच्या किनाऱ्यावरून नालासोपारा स्थानक गाठायचे आणि तेथून लोकलने मुंबई, हा येथील नोकरदार मुलाचा नित्यक्रम. तो रात्री परततो तेव्हा आई-वडील जेवून आडवे झालेले असतात. कालपर्यंत ज्यांना विचारल्याशिवाय घरातले पान हलत नसे, त्यांना आज औषधासाठीही मुलाची वाट पाहावी लागते. नाते तेच, अधिकाराची जागा मात्र बदललेली असते.

1970 साली वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले. आप्पासाहेब बेलवलकर सारी मिळकत मुला-मुलीत वाटून देतात आणि त्यांच्याच घरांत परके होतात. अशाच दुःखाची दखल पुढे कायद्याला घ्यावी लागली. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक अधिनियमाच्या कलम 23 नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. मुलांकडून निर्वाहखर्चही मिळवून देता येतो.

निर्वाह मिळवून देता येतो, जिव्हाळा नाही. दिवसभर राबून आलेला मुलगाही थकलेला असतो, हे खरेच. पण घरदुरुस्ती असो वा नातवाची शाळा, वडिलांचे मत विचारायला पैसा लागत नाही.

पुंडलिकाची कथा आठवावी. आरंभी आई-वडिलांची हेळसांड करणारा तो पुत्र नंतर पालटला, आणि सेवेत असताना दारी आलेल्या विठ्ठलाला त्याने वीट देऊन थांबवले. देव थांबू शकतो, तर हातातला मोबाईल घटकाभर थांबू शकत नाही काय?