सायकलमार्ग आणि सायकलमार्गांचे जाळे



नेदरलँड्सची ख्याती सायकलींचा देश अशी आहे. परंतु ही ख्याती त्या देशाला अनायासे लाभलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी झपाट्याने वाढल्या आणि सायकलस्वार रस्त्याच्या कडेला लोटला गेला. 1971 साली सुमारे 3,300 माणसे रस्त्यांवरील अपघातांत मरण पावली. त्यांत 400 हून अधिक मुले होती. ‘बालहत्या थांबवा’ अशी घोषणा देत पालक रस्त्यावर उतरले. 1973 च्या तेलटंचाईने मोटारीवर विसंबण्यातील धोकाही उघड केला.

पुढे त्याच दशकात शासनाच्या साहाय्याने टिलबर्ग व हेग या शहरांत नमुन्यादाखल उत्तम सायकलमार्ग बांधण्यात आले. त्यांवर गर्दी झाली. पण शहरातील एकूण सायकलप्रवास फारसा वाढला नाही. आसपासच्या रस्त्यांवरील सायकलस्वारच बऱ्याच अंशी तिकडे वळले होते.

डेल्फ्ट या शहराने 1980 नंतरच्या दशकात निराळी दिशा धरली. तेथे एका मार्गाऐवजी संपूर्ण शहरासाठी तीन पातळ्यांचे जाळे आखण्यात आले. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारे मार्ग साधारणपणे 500 मीटरांच्या अंतराने. शाळा व दुकाने जोडणारे विभागीय मार्ग 200 ते 300 मीटरांच्या अंतराने. आणि वस्तीतील मुलांच्या पायाखालच्या वाटा याहूनही जवळजवळ. पुष्कळसे रस्ते आधीपासून होतेच. उणीव होती ती दुव्यांची. कालवे व लोहमार्ग यांमुळे वाटा जेथे खुंटत होत्या, तेथे पूल आणि भुयारी मार्ग बांधून त्या जोडण्यात आल्या.

या अनुभवाचे मर्म साधे आहे. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेत एकच चौक धोक्याचा असला, तरी कोणतीही आई मुलाला सायकलीवर धाडणार नाही. उरलेली सारी सुरक्षित वाट व्यर्थ ठरते. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तेथे पुढे सायकलमार्ग बांधले गेले, परंतु ते तुकड्यातुकड्यांनी. आणि जेथे तुकडा संपतो, तेथेच सायकलस्वार भर वाहतुकीत सापडतो.

भारतात सायकल ही केवळ हौस नव्हे. कामगाराचे आणि विद्यार्थ्याचे ते रोजचे वाहन आहे. म्हणून किती किलोमीटर मार्ग बांधला, यापेक्षा तो कोठे तुटतो, हे नियोजनकाराने आधी पाहावयास हवे.