शर्यत संपल्यावरचे चित्र

चित्रकलेच्या तासाला स्मरणचित्राचे विषय ठरलेले असतात. आठवडी बाजार, पाणवठा, जत्रा, नंदीबैलवाला. माझ्या लहानपणी आमच्या गावात दरवेशी अस्वल घेऊन यायचा. त्याचे चित्र मी इतक्या वेळा काढले की हात आपोआप चालायचा. गोल उभी माणसे, मध्ये दोन पायांवर नाचणारे अस्वल. त्याच्या नाकातली दोरी मात्र मी कधी काढली नाही. ती रेघ चित्रात आडवी येते, असे वाटायचे.

दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला मी 'बैलगाडा शर्यत' हा विषय दिला. सगळ्यांनी धूळ, फेटे, झेंडे रंगवले. एका मुलाच्या कागदावर मात्र शर्यत संपलेली होती. माणसे पाठमोरी, गुलाल उधळत पलीकडे चाललेली. पुढे एकच खिलारी बैल, तोंडाला फेस, वेसण ओढून मान वाकडी झालेली. या मुलाच्या घरी शर्यतीचे बैल आहेत.

"अरे, यात शर्यत कुठं आहे?" मी विचारले.

"सर, हीच शर्यत हाय," तो म्हणाला. "दोन दिस वैरणीला त्वांड लावलं न्हवतं त्यानं."

मी लाल शाईने शेरा मारला, 'विषय सोडून', आणि वीसपैकी सात गुण दिले.

त्याच आठवड्यात एक जुने पुस्तक चाळत होतो. 'अकबरनामा'तले एक चित्र माझे फार आवडते. बसावनने रेखाटलेले, चेतरने रंगवलेले, सध्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असलेले. १५६१ साली आग्ऱ्याला तरुण अकबर हवाई नावाच्या मस्तवाल हत्तीवर बसून रणबाघ या दुसऱ्या हत्तीशी झुंज लावतो. रणबाघ हरून यमुनेवरच्या नावांच्या पुलावरून पळतो, हवाई त्याच्या मागे. नावा बुडताहेत, माणसे पाण्यात पडताहेत. राजाचे धाडस आणि प्रजेची घाबरगुंडी या चित्रात अशी उतरली आहे की बघत राहावे. पण रणबाघ जिवाच्या आकांताने पळतो आहे, याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते. चित्रकाराने मला काठावरच्या गर्दीत उभे केले आणि मी मुकाट उभा राहिलो. त्या पोराने मला बैलासमोर आणून उभे केले, तर त्याचे गुण कापले!

आता कुणी म्हणेल, बैलावर शेतकऱ्याइतके प्रेम कोण करतो? खरे आहे. आपल्या नळदुर्गचा पाणीमहाल ज्याच्या कारकिर्दीत बांधला गेला, त्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा आतश खान नावाच्या हत्तीवर असाच जीव होता. आपल्या गीतांत त्याने त्याचे नाव गुंफले, त्याच्यावर स्वार झालेली स्वतःची चित्रे काढवून घेतली. इतके प्रेम, पण हत्ती साखळदंडातच. प्रेम आणि वेसण एकाच हातात असू शकतात, हे मला फार उशिरा कळले.

कायद्याचे म्हणाल, तर अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांचे खेळ १९९८ च्या केंद्रीय अधिसूचनेने बंद झाले. २०११ मध्ये त्या यादीत बैल आला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. म्हणजे शर्यत आज कायदेशीर आहे. काठी-चाबकाला बंदी आहे, पशुवैद्यकाची तपासणी आहे. असो.

स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात ते चित्र लावायचे मी ठरवले, तेव्हा मुलाचे वडील शाळेत आले. चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले.

"सर, पोळ्याला ह्याच हातानं त्याला पुरणपोळी चारतो मी," ते म्हणाले. मग थोडे जवळ जाऊन, "येसण जरा जास्तच वढलीय न्हवं?"

"पोरानं पाहिली तशी काढलीय," मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले, "जत्रा झाल्यावर लावा, सर. आधी नगं."

चित्र मी जत्रेआधीच लावले. पण खरे सांगायचे तर दर्शनी भिंतीवर नाही, दाराच्या मागच्या बाजूला, जिथे पंचमंडळी सहसा वळत नाहीत. गुण मात्र अजून सातच आहेत. ते गुणपत्रकात चढून गेले होते.