बारावीनंतर बोलायचे कोणी?



बारावीचा निकाल लागला की घरोघरी टक्के, कॉलेज, फी, वसतिगृह यांवर बोलणे सुरू होते. ज्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला काही अपंगत्व आहे, तिथे आणखी एक प्रश्न निघायला हवा, आणि तो बहुधा निघत नाही. आजवर या मुलासाठी आई बोलली, वडील बोलले, एखाद्या जीव लावणाऱ्या बाईंनी मुख्याध्यापकांकडे शब्द टाकला. कॉलेज सुरू झाल्यावर बोलायचे कोणी? माझे आजचे म्हणणे या एका प्रश्नाभोवती आहे. आपली अडचण काय, त्यावर उपाय काय आणि तो मिळण्याचा आपल्याला काय अधिकार आहे, हे स्वतः सांगता येणे हा काही उपजत धीटपणा नाही. पोहणे किंवा हिशेब ठेवणे शिकवता येते तसे हेही शिकवता येते. ते शिकवण्याचे काम शाळेचे आहे आणि दहावी-बारावीच्या धामधुमीत आपण तेच नेमके सोडून देतो.

शाळेतली व्यवस्था कशी चालते ते आधी पाहू. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची तपासणी एखाद्या सरकारी वा पालिका रुग्णालयात होते. तिथे पालक जातात, रांगेत पालक उभे राहतात, प्रमाणपत्राची फाईल पालक सांभाळतात. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. मूल फक्त सही करते. प्रमाणपत्रावर काय लिहिले आहे आणि त्याचा आपल्या रोजच्या अभ्यासाशी काय संबंध आहे, हे त्याला कोणी समजावून सांगितलेले असेलच असे नाही. सगळे मायेने झालेले असते, पण त्या मायेत मुलाचा स्वतःचा आवाज कुठेच लागलेला नसतो. मग कॉलेज येते. शंभर-सव्वाशेचा वर्ग, दर तासाला नवे प्राध्यापक, अंतर्गत परीक्षा एका विभागाची, सत्र परीक्षा विद्यापीठाची. हा विद्यार्थी कोण, त्याला फळ्यावरचे दिसते का, बोललेले ऐकू येते का, हे तिथे कोणालाच ठाऊक नसते. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत त्यांच्यासाठी किमान पाच टक्के जागा राखून ठेवतो. जागा मिळते. त्या जागेवर बसून शिकता येईल की नाही, हे मात्र पुढच्या बोलण्यावर ठरते.

शाळेतून कॉलेजात जातानाचा हा बदल सर्वांत ठळक दिसतो अमेरिकेत, कारण तिथे तो कायद्यातच लिहिलेला आहे. १९७५च्या कायद्याने तिथल्या सार्वजनिक शाळांवर अपंग मुले शोधून काढण्याची आणि प्रत्येकासाठी लेखी वैयक्तिक शिक्षण आराखडा करण्याची जबाबदारी टाकली. मूल सोळा वर्षांचे होईपर्यंत या आराखड्यात शाळेनंतरच्या आयुष्याची तयारी यावीच लागते. पण विद्यार्थी हायस्कूल उत्तीर्ण झाला की हा कायदा त्याच्यापुरता संपतो. कॉलेजला लागू होतात ते १९७३ आणि १९९० चे भेदभावविरोधी कायदे, आणि त्यांत शोधून काढण्याची जबाबदारी कॉलेजवर नाही. विद्यार्थ्याने स्वतः जाऊन सांगायचे, कागद दाखवायचे, मागायचे. याचा परिणाम तिथल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत दिसला. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेने ज्यांची नोंद अपंग म्हणून केली होती आणि जे पुढे शिकायला गेले, त्यांपैकी २८ टक्क्यांनीच नव्या संस्थेला आपल्या अपंगत्वाची माहिती दिली. शाळेत असताना पुढे शिकायला गेलेल्या या सर्वांपैकी ८७ टक्क्यांना काही ना काही सोय मिळत होती. पुढच्या शिक्षणात ती १९ टक्क्यांनाच मिळाली.

या आकड्यांवर एक आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. त्याच पाहणीत ६३ टक्के तरुण म्हणाले, आम्ही स्वतःला अपंग मानत नाही. मग त्यांनी सांगितले नाही यात नवल काय, आणि गैर तरी काय? काहींची अडचण खरोखर मागे पडली असेल. शिवाय आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. पण निवड म्हणण्यासाठी माहिती हातात असावी लागते. ज्या मुलाला वर्षानुवर्षे जादा वेळ मिळाला पण तो का मिळतो हे कळले नाही, त्याच्या दृष्टीने ती शाळेने केलेली मेहेरबानी असते आणि शाळा सुटली की मेहेरबानीही संपते. अशा मुलाने कॉलेजात गप्प राहणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे असे मला म्हणवत नाही.

अमेरिकेतलीच एक हकिगत या बाबतीत फार बोलकी आहे. एड रॉबर्ट्स या कॅलिफोर्नियातल्या मुलाला १९५३ मध्ये, चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखाली हालचाल जवळजवळ उरली नाही आणि श्वासासाठी ‘लोखंडी फुप्फुस’ हे मोठे यंत्र लागू लागले. तो टेलिफोनवरून शाळेचे तास ऐकत शिकला. उत्तीर्ण होण्याची वेळ आली तेव्हा शारीरिक शिक्षण आणि वाहन चालवण्याचे शिक्षण पूर्ण नाही म्हणून त्याचे प्रमाणपत्र अडले. त्याची आई झोना शाळा मंडळापर्यंत भांडली आणि तिने ते मिळवले. कॉलेजच्या खर्चासाठी तो राज्याच्या पुनर्वसन खात्याकडे गेला, तेव्हा हा कधी नोकरी करू शकणार नाही म्हणून खात्याने आधी नकार दिला. १९६२ मध्ये तो बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. लोखंडी फुप्फुस वसतिगृहात मावेना, म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयात राहू लागला. पुढे तिथे त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी आले. आपल्याला काय हवे हे त्यांनी एकत्र बसून ठरवले आणि मांडले. त्यातून १९७० मध्ये विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांनीच उभारलेला मदत कार्यक्रम सुरू झाला आणि १९७२ मध्ये स्वतंत्र जीवन केंद्र. १९७५ मध्ये रॉबर्ट्स त्याच पुनर्वसन खात्याचा संचालक झाला. या हकिगतीत मला महत्त्वाचे वाटते ते आईकडून मुलाकडे आलेले बोलणे. झोनाबाई भांडल्या नसत्या तर एड कॉलेजात पोचलाच नसता. पण आयुष्यभर त्याच भांडत राहिल्या असत्या, तर बर्कलीत पुढे जे घडले ते घडले नसते.

आपल्या कायद्यातही विद्यार्थ्याच्या बोलण्याला मोठी जागा आहे. २०१६च्या कायद्यात वाजवी सोय देण्याचे बंधन आहे. वाजवी सोय म्हणजे त्या व्यक्तीला, त्या ठिकाणी, त्या कामासाठी लागणारा नेमका बदल. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका नागरी सेवा उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता. त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले की अशी सोय चाळीस टक्क्यांच्या मर्यादेत अडकवता येत नाही, आणि ती कशी असावी हे त्या व्यक्तीशी संवाद करून ठरवायचे असते. संवादाला दोन बाजू लागतात. संस्थेने विचारायचे तसे विद्यार्थ्याला सांगताही यायला हवे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. हा सगळा भार अपंग मुलावरच का? ज्याची वाट आधीच अवघड आहे त्याला अर्जही करायला लावायचा, ही कुठली समानता? व्यवस्थेनेच सुधारावे. या म्हणण्यातला राग खरा आहे. त्याचे उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. उतार, लिफ्ट, वापरता येईल असे स्वच्छतागृह, पडद्यावाचक प्रणालीला वाचता येईल असे संकेतस्थळ, या गोष्टी कोणी मागण्याआधी असल्याच पाहिजेत. त्यांसाठी एकाही विद्यार्थ्याला अर्ज करावा लागणे ही त्या संस्थेची नामुष्की आहे. पण दोन अंध विद्यार्थ्यांपैकी एकाला ब्रेल हवे असते आणि दुसऱ्याला लॅपटॉपवर ऐकायची फाईल हवी असते. ऐकू कमी येणाऱ्या एकीला सरांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये एवढेच पुरते, दुसरीला लेखी टिपणे लागतात. संस्था कितीही सज्जन असली तरी हे तिला अंदाजाने कळणार नाही, आणि अंदाजाने दिलेली मदत पुष्कळदा मदत घेणाऱ्यालाच बोचते. बोलता येणे ही व्यवस्थेची सुटका मुळीच नाही. उलट, बोलणारा विद्यार्थी समोर असला की व्यवस्थेला ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ म्हणता येत नाही.

मागूनही कधी कधी मिळत नाही हे मला मान्य आहे. २०२१ च्या नीट परीक्षेत मुंबईतल्या केंद्रावर लेखन अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला नियमाने मिळणारा जादा एक तास दिला गेला नाही आणि उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. तासाला किमान वीस मिनिटे जादा, असा केंद्र सरकारचा २०१८ पासूनचा नियम आहे, तरीही. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले, पण तिच्यासाठी फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. परीक्षेच्या दालनात गेलेला एक तास न्यायालयालाही तसाच्या तसा परत देता येत नाही. तिला ठाऊक होते, तिने मागितले, तरी ती हरली. यावरून मागणे निरर्थक ठरते असे मला वाटत नाही. मागण्याची वेळ आणि रीत शिकवायला हवी, एवढे नक्की ठरते. केंद्रावर आयत्या वेळी पर्यवेक्षकाशी बोलणे हा शेवटचा उपाय असतो. त्याआधी कितीतरी दिवस लेखी विचारणा आणि लेखी उत्तर हाती असावे लागते.

आणखी एक आक्षेप आपल्या घरांतला आहे. मोठ्यांपुढे मुलाने ‘मला हे हवे’ म्हणणे उद्धटपणाचे दिसते. सर काय म्हणतील? इतर मुले काय म्हणतील? हा संकोच मी खोटा मानत नाही. मुलींच्या वाट्याला तो दुप्पट येतो. पण विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत दुःख मांडणे मराठीला नवे आहे असे कोणी म्हणू नये. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिच्या वतीने बोलू शकणारी थोर माणसे तिच्याजवळच होती. तरी तिचे शब्द तिचेच राहिले, आणि तिच्या गुरुजनांना त्यात उद्धटपणा दिसला नाही.

एक शंका पालकांची, विशेषतः बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांची असते: आमचे मूल हे करू शकणार नाही. इतिहास याच्या उलट बोलतो. स्वतःची बाजू स्वतः मांडण्याची चळवळ जिथून वाढली तिथे नेमके बौद्धिक अपंगत्व असलेले लोकच आघाडीवर होते. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात त्यांनी ‘पीपल फर्स्ट’ नावाची स्वतःची संघटना उभी केली. सगळ्यांनीच भाषण करायला हवे असे नाही. कोणी चित्राने सांगेल, कोणी हो-नाहीने, कोणी मदतनिसाच्या आधाराने. आधार घेऊन बोललेलेही स्वतःचेच बोलणे असते. पालकांनी बाजूला व्हावे असे मी म्हणत नाही. त्यांनी पुढच्या खुर्चीवरून शेजारच्या खुर्चीवर यावे, आणि हे नववीपासून हळूहळू व्हावे.

शाळेने करायचे काय? संशोधक डेव्हिड टेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये स्वतःची बाजू मांडण्याच्या कौशल्याचे चार घटक मांडले: स्वतःची जाण, हक्कांची जाण, संवाद आणि नेतृत्व. आपल्याकडे पहिल्या तिन्हींपासून सुरुवात केली तरी पुष्कळ झाले. प्रमाणपत्र आले की वर्गशिक्षकांनी ते मुलाबरोबर बसून वाचावे, त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ त्याच्या अनुभवाशी लावून द्यावा. बोर्डाच्या सोयीसाठीचा अर्ज कारकुनाने भरण्याऐवजी मुलाने लिहावा किंवा तोंडी सांगावा. पालकसभेत त्याच्याविषयी चर्चा होत असेल तर तो तिथे हजर असावा आणि पहिला प्रश्न त्याला विचारला जावा. बारावीच्या शेवटच्या महिन्यांत कॉलेजच्या प्राचार्यांना द्यायचे पत्र त्याच्याकडून लिहून घ्यावे, असे काहीसे: ‘मला विषय समजतो, पण हाताने लिहायला वेळ लागतो. मला तासाला वीस मिनिटे जादा हवीत. टिपणे छायाचित्र काढून पाठवू नयेत, टंकलिखित फाईल द्यावी. सोबत प्रमाणपत्र जोडले आहे.’ चार-पाच वाक्यांचे एवढेच पत्र. यात विनवणी नाही, आजाराचे वर्णन नाही, माफी तर नाहीच.

शिक्षक म्हणतील, साठ मुलांच्या वर्गात याला वेळ कुठून आणायचा? एका मुलामागे वर्षाला तीन-चार तास लागतील, आणि ती मुले वर्गात एक-दोनच असतात. सराव परीक्षा, गुणांच्या बैठका, निरोप समारंभ यांना आपण वेळ देतोच. पत्र लिहून झाले की पुढची पायरीही शाळेतच करून घ्यावी: पत्राच्या दोन प्रती काढायच्या, कार्यालयात एक द्यायची आणि दुसरीवर तारखेचा शिक्का मारून पोहोच घ्यायची. कॉलेजने सोय नाकारली, किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पुण्याला तक्रार करता येते, आणि त्या तक्रारीला सर्वांत आधी जोडायचा कागद म्हणजे ही शिक्का मारलेली प्रत.