भीतीवरचा उपचार

कुष्ठरोगावर १९८२मध्ये बहुविध औषधोपचार आला. सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. लोकांच्या मनातली भीती मात्र गोळ्यांनी जात नाही. त्यासाठी समजावून सांगावं लागतं, आणि सांगणारा माणूस ओळखीचा लागतो. म्हणूनच ३० जानेवारीच्या ‘स्पर्श’ या कुष्ठरोग जागृती अभियानात ग्रामसभेत सरपंचांचं आवाहन होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. उशिरा का होईना, कायदाही बदलला: घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग २०१९मध्ये वगळला गेला. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तपासणी आणि औषधं मोफत आहेत.