दहावीनंतर डिप्लोमा: एका डिप्लोमावाल्याचे मनोगत
(मंडळाच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात, कोटा येथे केलेले भाषण)



आपल्या कोट्यात आठवी-नववीतली मुले ‘फाउंडेशन’च्या नावाखाली अकरावी-बारावीचे गणित सोडवतात. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते दुसऱ्या घाईबद्दल. सोळाव्या वर्षी अकरावी-बारावी बाजूला ठेवून सरळ तंत्रनिकेतनात जायचे का?

मी १९९६ मध्ये गेलो. भुसावळला मराठी माध्यमातून दहावी झाली होती, वडील निवृत्तीला आलेले. तीन वर्षांत नोकरीचे कागद हातात पडतात, एवढा एकच हिशेब घरात झाला. पहिल्या आठवड्यात इंग्रजीतून मेकॅनिक्स सुरू झाले तेव्हा मी फळ्यावरचे नुसते उतरवून घेत होतो. पुढे सवय झाली, पण पाठ करण्याचीही झाली.

त्याचे एक उदाहरण सांगतो. रेल्वेच्या वळणावर बाहेरच्या रुळाला २० मीटरची दोरी ताणतात आणि मधोमध दोरी व रूळ यांतले अंतर मोजतात. त्याला व्हर्साइन म्हणतात. दोरीच्या लांबीचा वर्ग गुणिले १२५, भागिले त्रिज्या. हजार मीटर त्रिज्येचे वळण असेल तर उत्तर ५० मिलिमीटर. हे मी २००२ पासून करतो आहे. १२५ कुठून आले, हे कधी विचारले नाही. गेल्या वर्षी दहावीतल्या मुलीने विचारले. मी म्हटले, “पुस्तकात आहे.” तिने वर्तुळ काढले, पायथागोरस लावला, एक नगण्य वर्ग सोडून दिला आणि दोरीचा वर्ग भागिले आठ त्रिज्या असे काढून दाखवले. मीटरचे मिलिमीटर करायला हजाराने गुणायचे. हजार भागिले आठ, एकशे पंचवीस! खरे सांगतो, थोडी लाजच वाटली.

तीच मुलगी निकालानंतर म्हणाली, “बाबा, मला सिव्हिलचा डिप्लोमा करायचा आहे.” मी दीड महिना नाही म्हणत होतो. कारणे तयार होती, आणि ती खोटीही नव्हती. डिप्लोमानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, पण आयआयटीच्या बी.टेक.ला असा बाजूचा दरवाजा नाही. अकरावी-बारावी न केल्यास डॉक्टरकीचा रस्ता बंद. पुढे पदवी केली नाही तर लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षाही देता येत नाही. सोळाव्या वर्षी एवढ्या दारांना कड्या लावायच्या?

सौ.ने ऐकून घेतले आणि म्हणाली, “हे तिच्यासाठी बोलताय की स्वतःसाठी?” त्याला उत्तर नव्हते. मी लागलो तेव्हा पदवीवाला सरळ सेक्शन इंजिनियर म्हणून यायचा. मला त्या खुर्चीपर्यंत पोचायला नऊ वर्षे लागली. “हा डिप्लोमावाला” हे शब्द मी माझ्या पाठीमागे ऐकलेले आहेत. ते दुखणे माझे. मुलीने ते का वाहायचे?

मग तिला विचारले, डॉक्टर व्हायचे आहे? नाही. आयआयटी? नाही. मैत्रिणी जाताहेत म्हणून? एकही जात नव्हती. सुटीत ती माझ्यासोबत पुलाच्या कामावर आली होती. घरी येऊन तिने त्या पुलाचे चित्र काढले, मापांसकट. मी सोळाव्या वर्षी पूल कधी नीट पाहिलाही नव्हता. घाई दोघांची सारखीच दिसते, पण मला ढकलले होते आणि ती चालत निघाली होती.

जुलैमध्ये तिने प्रवेश घेतला. अट एकच घातली. अकरावी-बारावीच्या गणिताची पुस्तके दर रविवारी उघडायची आणि कुठलेही सूत्र कारण कळल्याशिवाय वहीत उतरवायचे नाही. अट दोघांना लागू आहे. कामावरून बोलावणे आले तर माझी सुटका होते, तिची होत नाही, अशी तिची तक्रार आहे. सध्या अकरावीच्या तिसऱ्या धड्यावर, त्रिकोणमितीवर आहोत. मागच्या रविवारी तीन गणिते अडली. दोन तिने सोडवली, तिसरे अजून माझ्याकडे आहे.