जुनी डिस्क आणि नवा संगणक

घरांतील जुना संगणक बंद पडला म्हणजे त्याच्या पडद्याचें, कळफलकाचें किंवा पेटीचें दुःख कोणी फारसें करीत नाहीं. या वस्तु नव्या घेतां येतात. परंतु पेटीच्या पोटांत जी हार्ड डिस्क असते, तिची गोष्ट निराळी. लग्नमुंजींचीं छायाचित्रें, दिवंगत वडिलांनीं सवडीनें टंकून ठेवलेल्या आठवणी, जमिनीच्या व्यवहाराचे कागद, नातवंडांचे बोबडे बोल, असा सारा ठेवा तिच्यांत असतो. आणि तो कोणत्याहि बाजारांत पुन्हां मिळत नाहीं. म्हणून सुज्ञ गृहस्थ ती डिस्क काढून नव्या संगणकास जोडतो. पुष्कळदां असें होतें कीं, नवा संगणक तिची दखलच घेत नाहीं, किंवा घेतो तर विचारतो, "ही डिस्क फॉरमॅट करावयाची काय?" येथें घाईनें 'होय' म्हटलें कीं ठेव्याची वाट बिकट होते. म्हणून विषयाचें सार आरंभींच सांगणें बरें: आंतील मजकुराची दुसरी प्रत हातीं येईपर्यंत जुन्या डिस्कवर कांहींहि लिहूं नये आणि संगणकासहि लिहूं देऊं नये.

डिस्क ही कल्पना आतां बरीच जुनी झाली. १९५६ सालीं आयबीएम या अमेरिकन कंपनीनें तिचा पहिला अवतार बाजारांत आणला. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आजच्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्यें त्याच्या सुमारें दोन लक्षपट मजकूर राहतो. तत्त्व मात्र तेंच आहे. चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० वेळां फिरतात आणि वाचणारें शीर्ष त्यांच्यावर कांहीं नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतें. म्हणून 'डिस्क दिसत नाहीं' या एका तक्रारीचे अर्थ अनेक होतात. डिस्कला वीज मिळते काय? यंत्राला तिचें अस्तित्व कळतें काय? तिच्यावरील मांडणी वाचतां येते काय? आणि वाचण्याचा अधिकार आहे काय? हे चार प्रश्न याच क्रमानें विचारले पाहिजेत. क्रम सोडला कीं जखम मांडीला आणि मलम शेंडीला असा प्रकार होतो.

पहिला प्रश्न विजेचा. संगणक बंद करून, भिंतीवरील तार काढून, मगच जोडणीस हात लावावा. २००३ च्या सुमारास साटा नांवाची जोडणी प्रचारांत आली. तिच्या मजकुराच्या तारेला ७ आणि विजेच्या तारेला १५ संपर्क असतात. त्यापूर्वींच्या डिस्कला ४० टांचण्यांची रुंद, चपटी पट्टी लागे. नव्या मदरबोर्डवर तिला जागाच नसते, म्हणून मधला जोडक घ्यावा लागतो. अशा जुन्या डिस्कच्या पाठीशीं जम्पर नांवाची चिमुकली टोपी असते. एका पट्टीवर दोन डिस्क असत तेव्हां थोरली कोणती नि धाकटी कोणती हें ती ठरवी. एकटी डिस्क जोडतांना ती टोपी लेबलावरील आकृतीप्रमाणें बसवावी. यूएसबीच्या जोडकाविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, तर साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टहि लागतात. स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या जोडकावर मोठी डिस्क फिरणारच नाहीं, आणि बिचारीवर मेल्याचा आळ येईल.

डिस्कवर हलकेच बोट ठेवावें. ती फिरत असेल तर बारीक कंप जाणवतो. फिरत असूनहि संगणकाला दिसत नसेल, तर आधीं मजकुराची तार बदलावी, मग मदरबोर्डवरील जागा बदलावी. पुष्कळ नव्या मदरबोर्डांवर एम-डॉट-टू जातीची चपटी डिस्क बसविली असतां साटाच्या एकदोन जागा आपोआप बंद होतात. डिस्क धडधाकट, तार नवी, तरी संगणक गप्प, याचें कारण कित्येकदां एवढेंच असतें. आणि तें मदरबोर्डच्या माहितीपुस्तकांत छापलेलें असतें.

दुसरा प्रश्न ओळखीचा. संगणक सुरू होतांना डिलीट किंवा एफ-२ अशी ठराविक कळ दाबली म्हणजे यंत्राचें मूळ मांडणीपत्रक उघडतें. तेथें डिस्कचें नांव व आकार बरोबर दिसला, तर वीज, तार आणि डिस्कचा मेंदू या तिन्हींची परीक्षा बहुधा पार पडली असें समजावें. या पत्रकांत पाहावें पुष्कळ, बदलावें थोडें. विशेषतः डिस्क हाताळण्याची पद्धति, जिला तेथें एएचसीआय किंवा रेड अशीं नांवें असतात, ती उगीच बदलली तर नव्या डिस्कवरील चालती विंडोजहि सुरू होण्याचें नाकारूं शकते. बदल करावयाचाच तर एवढा, कीं सुरुवात करण्याच्या क्रमांत नवी डिस्क प्रथम ठेवावी. नाहींतर नवा संगणक जुन्या डिस्कवरील विंडोज सुरू करूं पाहतो आणि अडखळतो.

जुनी विंडोज नव्या यंत्रांत जशीच्या तशी चालावी ही अपेक्षाहि सोडून द्यावी. जुने संगणक ज्या रीतीनें सुरू होत ती रीति अनेक नव्या यंत्रांनीं टाकली आहे. शिवाय विंडोज ७ ची कंपनीकडील देखभाल १४ जानेवारी २०२० रोजीं आणि विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. परंतु सुरू न होणें आणि न वाचलें जाणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. जी डिस्क यंत्र सुरू करूं शकत नाहीं, तिच्यावरील फाइली बहुधा सुखरूप असतात. या भेदाच्या अज्ञानामुळें कित्येक चांगल्या डिस्क भंगारांत जातात.

तिसरा प्रश्न मांडणीचा. विंडोजमधील 'डिस्क मॅनेजमेंट' या खिडकींत डिस्क दिसते. परंतु तिला अक्षर दिलेलें नसेल तर ती नेहमींच्या यादींत येत नाहीं. अक्षर दिलें कीं काम झालें. 'ऑफलाइन' असें लिहिलें असेल, तर तिला 'ऑनलाइन' करावें. मात्र 'इनिशियलाइज' करावयाचें काय असा प्रश्न आला, तर तेथेंच थांबावें. तें केल्यास मांडणीचा जुना नकाशा पुसला जाण्याची भीति असते. मॅक किंवा लिनक्स संगणकांतून आलेली डिस्क विंडोजला वाचतां येत नाहीं, आणि न कळलेली लिपि पाहून एखाद्यानें पोथी कोरी करण्याचा सल्ला द्यावा, तसा ती फॉरमॅटचा सल्ला देते. अशी डिस्क तिच्या जातीच्या संगणकावरच वाचावी.

चौथा प्रश्न अधिकाराचा. जुन्या वापरकर्त्याच्या नांवाचा फोल्डर उघडतांना 'परवानगी नाहीं' असा निरोप येतो. नव्या संगणकाला जुना धनी ठाऊक नसतो, इतकाच त्याचा अर्थ. संगणकाच्या मुख्य चालकाच्या नांवानें 'कंटिन्यू' म्हटलें कीं बहुधा दार उघडतें. परंतु डिस्कला बिटलॉकरचें कुलूप असेल, तर ४८ अंकी किल्लीवांचून किंवा मूळ संकेतशब्दावांचून तें निघत नाहीं. ती किल्ली जुन्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत अथवा जपून ठेवलेल्या कागदावर शोधावी.

आतां खऱ्या आजाराविषयीं. डिस्कमधून ठराविक अंतरानें टक् टक् असा आवाज येत असेल, तर वीज ताबडतोब तोडावी. आंतील शीर्षाला आपली जागा सांपडत नसल्याचें तें लक्षण असूं शकतें, आणि प्रत्येक प्रयत्न चकतीवर ओरखडा उठवूं शकतो. अशी डिस्क घरीं उघडूं नये; धुळीचा एक कण त्या नॅनोमीटरच्या फटीपुढें डोंगराएवढा असतो. ती शीतपेटींत ठेवण्याचा उपाय कोणी सुचवितात, पण बाहेर काढतांच तिच्यावर दंव जमतें. रोगापेक्षां औषध भयंकर. मजकूर अमूल्य असेल तर तज्ज्ञाकडेच जावें.

आवाज नसेल, पण वाचन मंद असेल, तर डिस्क स्वतःच ठेवीत असलेली प्रकृतीची नोंद, जिला स्मार्ट म्हणतात, ती पाहावी. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट मिळणाऱ्या साधनानें ती दिसते. तींत सी-५ या ओळींतील आंकडा वाढत असेल, तर चकतीवरील जागा वाचतांना अडचण येत आहे. सी-७ चा वाढत असेल, तर दोष बहुधा तारेचा. अशा आजारी डिस्कवर दुरुस्तीचें 'चेकडिस्क' आधीं चालवूं नये, कारण तें डिस्कवर लिहितें. आधीं अत्यंत प्रिय फाइली उतरवाव्या. अधिक माहितगार मनुष्य लिनक्सवरील 'डीडीरेस्क्यू' वापरतो. तें चांगला भाग प्रथम उचलून घेतें आणि अवघड जागांकडे मागाहून वळतें.

मराठी घरांत याच्याहि पुढें एक पायरी असते. मजकूर सुखरूप उतरतो, फाइल उघडते, आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसतो! गृहस्थ समजतो कीं फाइल बिघडली. वस्तुतः युनिकोड रुळण्यापूर्वीं मराठी मजकूर श्री-लिपि, आयएसएम इत्यादि साधनांनीं टंकला जाई, आणि पुष्कळ फॉन्टांत देवनागरी आकृति रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेल्या असत. फॉन्ट नाहीं, म्हणून मराठी नाहीं. तो फॉन्ट बहुधा त्याच डिस्कवर, जुन्या विंडोजच्या 'फॉन्ट्स' या फोल्डरांत पडून असतो. तो नव्या संगणकांत बसविला कीं वडिलांचीं वाक्यें पुन्हां मराठींत बोलूं लागतात. पुढें तो मजकूर परिवर्तकानें युनिकोडमध्यें आणून, मुळाशीं ताडून पाहावा. जोडाक्षरें व रफार येथें चुका राहतात.

प्रत हातीं आली म्हणजे तिच्या दोन कराव्या आणि एक दुसऱ्या घरीं ठेवावी. कांहीं फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्या. नुसती यादी पाहून समाधान मानूं नये. तोंपर्यंत जुन्या डिस्कला कोणी कितीहि नम्रपणें फॉरमॅटविषयीं विचारलें, तरी उत्तर एकच: "नाहीं."